आक्काची हाळी

आक्का गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली, पण फोन कुणीच केला नव्हता. सांगलीतल्या माझ्या घरी सकाळी उठलं की चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत मोबाईलवर आक्काचा गोठा बघायचा, ही माझी गेल्या वर्षभराची सवय. उंब्रजजवळच्या तिच्या गावात, गोठ्याच्या आढ्याला एक कॅमेरा लावलेला आहे. त्यात राधी नावाची तिची म्हैस दिसायची आणि राधीपुढं वैरण टाकणारी आक्का दिसायची. वैरण टाकून झाली की ती कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि म्हणायची, "सुमे, चा घेतलास का? ओव्हर." मग मी बटण दाबून उत्तर द्यायचं. त्या दिवशी गोठ्यात आक्का नव्हती. तिचे धाकटे दीर जगन्नाथराव टोपी हातात धरून कॅमेऱ्याखाली उभे होते, फोटो काढून घ्यायला उभे राहावेत तसे ताठ. "सुमनताई," ते म्हणाले, "वैनी गेल्या... पहाटं, झोपंतच. तुमी या." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

फोन का केला नाही, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "हात धजंना. म्हटलं, तुमी सकाळी बघताच की." बातमी द्यायची ही तऱ्हा आमच्या नात्यागोत्यात पहिलीच असावी. पण मला तिचं नवल वाटलं ते वेगळ्याच कारणानं. हेच जगन्नाथराव माझ्या बहिणीशी कैक वर्षं एक अक्षर बोलले नव्हते. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून बोलले नव्हते. ते बोलायला कसे लागले हे सांगितल्याशिवाय आक्का कोण होती हे कळायचं नाही.

आम्ही दोघी बहिणी सांगलीकडच्या. मी शिकले, शाळेत मराठी शिकवत राहिले आणि सांगलीतच मुरले. आक्कानं सातवीनंतर शाळेला रामराम ठोकला आणि लग्न होऊन ती उंब्रजकडं गेली. दाजी फौजेत होते, सिग्नलमध्ये, वायरलेसवर. सुट्टीवर आले की त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा तारा जास्त असायच्या. दोघं नवराबायको अंगणात बसून बिघडलेला रेडिओ उघडायची आणि शेजारपाजारचे लोक आपापली बंद पडलेली यंत्रं घेऊन रांग लावायचे. आक्काला आत्मविश्वास एवढा, की भीतीच वाटावी. माझा मिक्सर तिनं एकदा दुरुस्त केला, तेव्हा तो सुरू झाला हे खरं, पण दोन स्क्रू हातात उरले होते. मी ते दाखवले तर म्हणाली, "ते जादाचेच दिल्याले असत्यात." तो मिक्सर अजून चालतो, म्हणून मी वाद घालत नाही. 'मला जमायचं नाही' हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तिचं वाक्य ठरलेलं होतं: "त्यात काय हाय? माणसानंच केलंय न्हवं?"

'ओव्हर' हा शब्दही दाजींच्या ट्रंकेतूनच घरात आला. वायरलेसवर बोलताना लागलेली सवय त्यांनी साध्या फोनवरही चालू ठेवली आणि आक्कानं ती उचलली. दाजी गेल्यावर तर तिनं तो शब्द दागिन्यासारखा जपला. पोरांना, भाजीवाल्याला, मला, सगळ्यांना बोलून झालं की ओव्हर. मी पडले मराठीची बाई. मी काही तो शब्द तोंडात येऊ दिला नाही. त्यावरून ती मला नेहमी टोकायची, "आगं, ओव्हर म्हन की. तुजं झालं ते मला कसं कळायचं?" मी म्हणायचे, "मी गप्प बसले की कळेल." त्यावर ती म्हणे, "तू कवा गप बसतीस?"

दाजी असतानाच दोन्ही भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती, ती गोडीगुलाबीनं. इंटरनेट आलं तेव्हाही दोन घरांत मिळून एकच जोडणी घ्यायची ठरली. राउटर बसला जगन्नाथरावांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, आणि भिंतीला भोक पाडून त्याची एक तार आक्काच्या घरात आली. मग दाजी गेले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर भांडण लागलं ते उकिरड्यावरून. जगन्नाथरावांचा उकिरडा आक्काच्या गोठ्याकडं सरकला होता, असं आक्काचं म्हणणं, आणि गोठाच उकिरड्याकडं सरकलाय, असं त्यांचं. आक्का तेव्हा एका लग्नाला म्हणून माझ्याकडं आलेली होती. फोनवर तिनं दिराला चांगलं धारेवर धरलं आणि शेवटी म्हणाली, "मला जे बोलायचं त्ये मी बोलले. ओव्हर!" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद झालं, पण राउटर एकच राहिला. जोडणी तोडायचा कमीपणा कुणी घ्यायचा, म्हणून ती कुणीच तोडली नाही. नेट अडलं की आक्का उलथनं घेऊन भिंतीवर दोनदा वाजवायची. पलीकडं जगन्नाथराव न बोलता उठायचे, राउटर बंद करून पुन्हा चालू करायचे. इतक्या वर्षांत दीर-भावजयीचा व्यवहार म्हणाल तर एवढाच होता.

पुढं आक्काच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टरांनी एक दिवसाआड डायलिसिस सांगितलं. कराडला ती सोय होती आणि कराड तिच्या गावापासून अर्ध्या तासावर. पण एक दिवसाआड न्यायचं कुणी, आणि मशीनवरून उतरल्यावर गळून गेलेल्या बाईला परत आणायचं कुणी? मुलगा बापासारखाच फौजेत, लांबच्या ठाण्यावर. म्हणून ती माझ्याकडं सांगलीला आली. येताना राधीला विकायचं तिनं मनात घेतलं होतं. पण आम्ही निघालो त्या सकाळी जगन्नाथराव गोठ्यात आले, राधीपुढं वैरण टाकली आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "भांडण माणसांचं हाय, म्हशीचं न्हाई." आक्कानंही दुसऱ्या भिंतीला सांगितलं, "पेंड भिजवून घालायची असती म्हनावं."

माझ्याकडं तिला काही कमी नव्हतं, पण तिचं चित्त तिथंच. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून म्हणायची, "सुमे, तुज्या हितं सकाळ झाल्यागत वाटतच न्हाई बग. वास न्हाई कसला." मी म्हणायचे, शेणाचा वास नाही म्हणून रडणारी तू पहिलीच. ती हसायची, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. आपण आता घरी जात नाही, इथंच आपला शेवट होणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. आणि माझ्या बहिणीनं एखादी गोष्ट नशिबावर सोडून द्यावी, हे मला तिच्या दुखण्यापेक्षाही जास्त लागलं.

तिला जागं केलं ते संशयानं. "पेंड घालतोय का नुसत्या कडब्यावर भागवतोय, कुणाला ठावं!" असं म्हणता म्हणता तिला गोठ्यातला कॅमेरा आठवला. तो दाजींनी हौसेनं आणलेला. त्यातून दिसायचं, ऐकू यायचं आणि बोलताही यायचं, पण ज्या कंपनीचा तो होता तिनंच गाशा गुंडाळला होता, त्यामुळं तो आता फक्त घरातल्या घरात चालायचा. सांगलीतून तो दिसेना. आक्का डायलिसिसच्या मशीनवर पडल्या पडल्या मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायला लागली. शेजारच्या खाटांवरचे लोक देवाची गाणी ऐकायचे आणि ही राउटरची प्रवचनं ऐकायची.

एक दिवस घरी येऊन तिनं मला समोर बसवलं. "हे बग मास्तरीण. नेटवाल्यानं समद्या गावाला मिळून भायेरचा एकच पत्ता दिलाय. त्येच्यात राउटर भावजींच्या सोप्यात. मी हितनं हाक मारली, तर तितनं इचारत्यात, कोन तुमी, कुनाकडं आलाय? भिंतीपल्याड आनि एक घर हाय, त्यात गोठा हाय, हे त्येला कोन सांगनार? मग हाक दारातनंच माघारी."

"मग सांग की जगन्नाथरावांना," मी म्हटलं, "राउटरमध्ये काय ते बदल करून देतील."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी उठून भांडी आवरायला लागले.

"आन् राउटर बदलून बी भागत न्हाई," ती मागून म्हणाली. "वर गावाचं दार बंदच हाय. भायेरनं कितीबी हाका मार, आत जात न्हाईत. आतल्यानंच आदी हाळी द्याय पायजे. आतनं भायेर जानाऱ्याला कुनी आडवत न्हाई. एकदा हाळी भायेर आली, की त्याच वाटंनं आपुन माघारी बोलायचं." हाळी म्हणजे आमच्याकडं रानातून लांबवर घातलेली साद. दाजी सांगायचे, डोंगराआडच्या चौकीला खालून हाक लागायची नाही, तेव्हा चौकीनंच आधी बोलायचं ठरलेलं असायचं. तेच ती आता गोठ्याला शिकवणार होती.

त्यासाठी तिनं एक छोटा संगणक मागवला, चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठा. त्यानं गोठ्यात बसायचं, बाहेरच्या एका ठरलेल्या ठिकाणी सारखी हाळी देत राहायची आणि कॅमेऱ्याची वाट त्या हाळीतून मोकळी ठेवायची. माझ्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर ती डबी, तारा आणि आक्काचा चष्मा यांनी संसार थाटला. पहिल्यांदा ते जमलं म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले. मग कळलं, की डबी आणि मोबाईल दोन्ही माझ्याच वायफायवर होते आणि हाळी टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला जात होती. आक्का अजिबात खजील झाली नाही. "पेढं चांगलं हुतं," म्हणाली आणि मोबाईलचं वायफाय बंद करून पुन्हा कामाला लागली. कुलूपही तिनं भक्कम घातलं. पासवर्ड एवढा लांब का, असं मी विचारलं तर म्हणाली, "गोठा हाय त्यो, धर्मशाळा न्हाई."

मशीनची सुट्टी बघून आम्ही दोघी एसटीनं गावी गेलो. गोठ्याच्या कोनाड्यात तिनं डबी ठेवली आणि ऐन वेळी नेट अडलं. आक्कानं उलथनं आणून भिंतीवर दोनदा वाजवलं. पलीकडं कुणीतरी खाकरलं, पावलं वाजली आणि थोड्या वेळानं डबीवरचा हिरवा दिवा लागला. चकार शब्द न बोलता जगन्नाथरावांनी आपल्याच पहाऱ्याला हातभार लावला होता. परत येताना कराडच्या स्टँडवर आक्कानं मोबाईल उघडला आणि "दिसली!" म्हणून अशी ओरडली, की कंडक्टरनं कुणाची हरवलेली पोर सापडली ते विचारलं. पडद्यावर राधी रवंथ करत उभी होती.

आता पहारा सुरू झाला. पण चोर काही सापडेना. जगन्नाथराव पेंड भिजवत होते, गोमाश्या उठल्या तर धूर करत होते, शिंगांना तेल लावत होते. कॅमेरा कधीचा बंद पडलाय अशीच त्यांची समजूत होती, त्यामुळं हे दाखवण्यासाठी चाललं होतं असंही नाही. आक्काला तक्रारीला जागाच उरली नाही. शेवटी म्हणाली, "गूळ बी घालतोय बग. लाडावून ठेवील तिला."

आणि मग ती सकाळ आली. आधण उकळत होतं, आक्का मोबाईल कणकेच्या डब्याला टेकवून बघत बसली होती. जगन्नाथराव धार काढायला बसले. राधी सारखी दाराकडं मान वळवत होती. ते तिला म्हणाले, "तिकडं काय बगतीस? मालकीन न्हाई यायची तुजी इतक्यात... मला नगो इचारू. मी काय बोलाय गेलो नस्तो व्हय? पर वैनीच म्हनल्या न्हवं, ओव्हर. आता ओव्हर म्हंजी संपलं. किरकेटात बी ओव्हर झाली की संपली. त्येंनीच नातं संपवलं म्हनल्यावर मानसानं कुठल्या तोंडानं जायचं?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "सुमे, ह्यो गडी काय म्हनतोय?"

मी काही बोलायच्या आत तीच उसळली. "आगं, ओव्हर म्हंजी संपलं न्हवं! संपल्याला आऊट म्हनत्यात. ओव्हर म्हंजी माजं बोलून झालं, आता तुमी बोला!" आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "त्येंची पाळी हुती गं... मी वाट बगत बसले की एवडी वर्सं."

मला आधी हसू फुटलं आणि ते मध्येच अडकलं. एका शब्दाच्या एका बाजूला एक माणूस नातं संपलं म्हणून गप्प बसलेला, आणि दुसऱ्या बाजूला एक बाई, आता समोरचा बोलेल म्हणून. आक्कानं बोलायच्या बटणावर बोट नेलं, मागं घेतलं. बाहेरून कितीही हाका मारल्या तरी आत जात नाहीत, आतल्यानंच आधी हाळी द्यायची, हे महिनाभर शिकून तीच तर मला सांगत होती. तिनं बटण दाबलं.

"भावजी."

आढ्यातून आवाज आल्यावर जगन्नाथराव चरवीसकट उडाले. राधी दोन पावलं मागं सरली. त्यांनी वर बघून हात जोडले. "वैनी? ...आवं, जित्या हाय न्हवं तुमी?"

"हाय की. सांगलीत हाय, सुमीच्या सैपाकघरात. ऐका. ओव्हर म्हंजी संपलं न्हवं. ओव्हर म्हंजी आता तुमी बोला. कवाची वाट बगतीया मी. ओव्हर."

त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "राधीनं दूद कमी केलंय, वैनी." मग अवघडून, "ओव्हर."

त्याच आठवड्यात ते आपली गाडी घेऊन माझ्या दारात हजर झाले. आत यायच्या आधीच सांगून टाकलं, "कराडला मी न्हेतो. मी आनतो. सामान बांदा." आक्कानं सामान आधीच बांधून ठेवलं होतं. गाडीत बसताना ती म्हणाली, "उकिरडा हाय तितं ऱ्हाऊ दे. सवय झालीया वासाची." त्यानंतर ती जवळजवळ वर्षभर जगली, आपल्या घरात, आपल्या गोठ्यात. एक दिवसाआड दिराच्या गाडीतून कराडला जायची आणि वाटेत त्यांच्या गाडी चालवण्यावर टीका करायची. मरणाला ती भ्याली नाही, पण सांगलीत मरायला भीत होती, आणि ते तिनं टाळून दाखवलं. मला तिचा अभिमान वाटतो, तो यासाठी.

मी सकाळी मोबाईलवर तिला भेटायचे. वीज गेली की पडदा जायचा आणि आली की आपोआप परत यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "डबीला सांगून ठिवलंय मी. लाईन गेली म्हनून रुसायचं न्हाई. आली की आपनच पयली हाळी द्यायची." आणि पुढं म्हणाली, "मानसाला सांगायला म्हातारपन याय लागलं."

...त्या दिवशी जगन्नाथरावांचा निरोप ऐकून मी गावी पोचले, तेव्हा सगळं आवरून ठेवलेलं होतं. आक्काचा मुलगा विमानानं आला, त्यानं अग्नी दिला. संध्याकाळी मी जगन्नाथरावांच्या सोप्यात बसले होते. टीव्हीवर चादर टाकलेली आणि शेजारी राउटरची तार उपसून, गुंडाळून ठेवलेली. मी तिकडं बघितलेलं त्यांना दिसलं. "सुतकात टीव्ही लावत न्हाईत," ते म्हणाले, "मग हे तरी कसं चालू ठेवायचं? आमच्या दोन घरांचं त्येच तर एक हुतं." राउटरला सुतक लागतं का, हे मला ठाऊक नाही. पण त्या घरात त्याच्याइतका सोयरा दुसरा कोण होता?

सांगलीला परतल्यावर मी रोज सकाळी मोबाईल उघडत होते. 'जोडणी नाही' एवढंच यायचं. तार उपसलेली आहे हे मला माहीत होतं, तरी उघडत होते. आधण उकळायचं, मी गॅस बंद करायचे आणि चहा करायचाच राहून जायचा. आक्काची आठवण येते असं लोक म्हणतात तसं मला म्हणता येत नाही. मला तिचा राग यायचा. एवढं सगळं चालू करून ठेवलं आणि आपण निघून गेली.

तेरावा झाला, त्यासाठी मी गावी जाऊन आले. राउटरचं मी काही बोलले नाही, त्यांनीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं आधण ठेवलं, सवयीनं मोबाईल उघडला. पडद्यावर राधी होती. कुणीतरी तार लावली होती आणि कोनाड्यातल्या डबीनं, शिकवलं होतं तसं, कुणी सांगायची वाट न बघता आपणच हाळी दिली होती. जगन्नाथराव धार काढत होते. चरवी बाजूला ठेवून ते उठले, वैरण टाकली, आणि कमरेवर हात ठेवून वर बघितलं. मी बघतेय की नाही, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

"सुमनताई," ते म्हणाले, "चा घेतलासा का?" मग टोपी सारखी केली. "...ओव्हर."

आधण उतू जात होतं. जाऊ दिलं. बटण दाबलं.

"घेते आता, पावणं. तुमी घेतलासा का?" म्हटलं. बोट बटणावरच होतं. आक्का असती तर तिनं टोकलं असतं, म्हणून तेही म्हणून टाकलं.

"ओव्हर."